थोरली आत बसते

आमच्या घरमालकांइतकं मला आयुष्यात कोणीही दमवलेलं नाही. तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली, दोन मुलींची लग्नं केली, एकदा तर सरकारी कचेरीतून एका फेरीत दाखलासुद्धा मिळवला; पण हा सगळा शीण एकत्र केला तरी पनवेलात त्यांचा भाडेकरू म्हणून काढलेल्या सात वर्षांतल्या रविवारांची सर त्याला यायची नाही. अजूनही कुणी माझ्या हातात सेलवरची बॅटरी देऊन 'जरा धरा' म्हटलं की माझा उजवा खांदा आपोआप दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं. डॉक्टरांनी आमचे घरमालक पाहिलेले नाहीत.

अठ्ठ्याऐंशी साली दिवाळीच्या आधी आम्ही त्यांच्या घरी राहायला गेलो. आमच्या सामानाचा टेम्पो फाटकाशी पोचला तेव्हा तिथे आधीच एक टेम्पो उभा होता आणि त्यात पेंढ्यावर, ताडपत्रीखाली काहीतरी निजलेलं होतं. माझ्या बायकोला वाटलं म्हैस असावी. ताडपत्री काढल्यावर निघाली ती गाडी. विलायती, दोन माणसांपुरती, छप्पर नसलेली, लांब नाकाची शर्यतीची गाडी. म्हणजे तरुणपणी तशी असावी. त्या दिवशी तिला चाकं तीन होती, मूळ रंग कुठला यावर पुढे बरेच दिवस वाद चालला, आणि बॉनेट उघडलं तर आत इंजिनावर चिमणीचं घरटं आणि कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. खाकी हाफ पँट आणि बाह्यांचा बनियन घातलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ पुढे झाले, त्यांनी दोन्ही टेम्पोंकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हमालांना ओरडून सांगितलं, "आधी पेशंट आत घ्या, मग बिऱ्हाड." आमचं कपाट, गाद्या आणि लोणच्याची बरणी दुपारी चारपर्यंत रस्त्यावर होती.

घरमालक बोटीवर इंजिनरूममध्ये होते. अठ्ठावीस वर्षं ते पाण्याखालच्या लोखंडी तळघरात राबले आणि समुद्र असा जो काही पाहिला तो सुट्टीत उरणला जाऊन, असं सांगत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी गोदीच्या फाटकाशी त्यांनी कंपनीच्या साहेबाची ही गाडी सुरू होताना ऐकली. पाहिली असं ते कधी म्हणत नसत, ऐकली म्हणत. "बोटीच्या इंजिनाला आवाज असतो. हिला गळा होता," हे वाक्य आमच्या घरात इतकं रुजलं की माझ्या धाकटीनं ते शाळेत 'वाक्यात उपयोग करा'मध्ये लिहिलं आणि बाईंनी तिला शून्य दिलं. पुढे साहेब मायदेशी गेला, गाडी या हातातून त्या हातात फिरत कुठल्याशा गॅरेजच्या मागे पडून राहिली. लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात. यांनी आपली काशी हुडकून काढली आणि टेम्पोत घालून घरी आणली. घराच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती. तिच्यात गाडी लावली, तोंड फाटकाकडे आणि पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि माझे रविवार संपले.

त्यांचा पहिला नियम असा, की इंजिनाच्या आधी इंजिनाची जागा. शेजारच्या आंब्याच्या फांदीला साखळी बांधून इंजिन बाहेर काढलं आणि त्या रिकाम्या खोबणीकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "इथे पंगत बसली पाहिजे." मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की बॉनेटखालची जागा इतकी स्वच्छ हवी की तिथे पानं मांडून वाढता यावं. मग घासकाम सुरू झालं. रॉकेल, पॉलिश पेपर आणि दात घासायचे जुने ब्रश. त्यांच्या घरातले ब्रश संपले की ते सकाळी आमच्या मोरीशी येऊन उभे राहत आणि माझ्या तोंडातल्या ब्रशकडे बघून विचारत, "हा अजून किती दिवस वापरणार?" पनवेलची हवा खाडीची, या रविवारी लख्ख केलेला पत्रा पुढच्या रविवारी पुन्हा तांबूस. ते न कंटाळता पुन्हा घासायला घेत. कंटाळण्याचं खातं माझ्याकडे होतं. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, वाल भिजत घालायची परातसुद्धा त्यांनी नटबोल्ट बुडवायला पळवली. एकदा बिरड्याला रॉकेलचा वास आला, तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाल्या, "आज तुमची पंगत बॉनेटखालीच वाढते." ते खरोखरच उठून बॉनेट उघडायला गेले.

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. सुटा केलेला प्रत्येक भाग, अगदी वॉशरसुद्धा, चिठ्ठी बांधून बरणीत जायचा. घरमालकांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून चिठ्ठ्या काकू लिहीत. काकूंचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं. पण त्यांना भागांची नावं ठाऊक नव्हती आणि विचारायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी आपल्या परीनं बारसं केलं. 'लहान चाळणी', 'मोदकपात्राचं झाकण', 'कानतुटका', 'हे कुठलं देव जाणे'. नवल म्हणजे त्यातला प्रत्येक भाग घरमालकांना नेमका सापडे. प्लगना वीज पोचवणाऱ्या चार वायरी सोडवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "या चौघी ओळीत असतात, पंगतीला बसल्यासारख्या. तसंच लिही." काकू चार जावांतल्या दुसऱ्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून, गाडीकडे एकदा नीट बघून, त्यांनी चार चिठ्ठ्या लिहिल्या: थोरली, मधली, तिसरी, धाकटी. घरमालक खूश. "नुसते आकडे घातले असते तर मी विसरलो असतो. जावांचा क्रम माणूस विसरत नाही," म्हणाले, आणि काकूंनी बोट दाखवलं त्या त्या वायरीला एकेक चिठ्ठी न वाचताच दोऱ्यानं पक्की बांधली.

माझं काम बॅटरी धरणं. शेडमध्ये भर दुपारीसुद्धा अंधार, आणि इंजिनाच्या पोटात त्याहून जास्त. वाकून, एका हातावर भार देऊन, मी त्या बोळकांडीत प्रकाश पाडायचा आणि त्यांनी, "इकडे, इकडे, माझ्या डोळ्यांत नको," असं म्हणायचं. पहिल्या महिन्यातच ते माझं नाव विसरले आणि मला 'उजेड' म्हणू लागले. "अहो उजेड!" अशी हाक रविवारी सकाळी आठ वाजता खिडकीतून येई, आणि पांघरुणात माझी बायको म्हणे, "जा, तुमच्याशिवाय अंधार आहे." मी स्टोअर्सचा माणूस, म्हणजे जगातल्या कुठल्याही यंत्राचं गॅस्केट माझ्या कारखान्यात मिळणारच, अशीही त्यांची एक ठाम समजूत होती. आमच्या स्टोअरमध्ये पाइपांचे व्हॉल्व्ह आणि गमबूट यांखेरीज काही नाही, हे मी शपथेवर सांगितलं. त्यावर त्यांनी थोडा विचार करून विचारलं, "गमबुटाचं रबर कितपत जाड असतं?"

आणि तो स्क्रूड्रायव्हर! हातभर लांब, लाकडी मुठीचा, बोटीवरचा. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला दाबायची आणि डोळे मिटायचे. की यंत्र आपलं दुखणं सांगतं, असं ते म्हणत. आमचा पंखा, विहिरीवरचा पंप, शेजाऱ्यांचा फ्रिज, सगळ्यांची नाडी त्यांनी अशी पाहिली होती. एकदा मी बॅटरी धरून धापा टाकत होतो, तर त्यांनी टोक माझ्याच छातीला लावलं. "टॅपेट वाजतंय," म्हणाले, "दाखवून घ्या." मी चिडलो. पुढच्याच महिन्यात कारखान्याच्या डॉक्टरांनी मला ब्लडप्रेशरची गोळी सुरू केली.

तिसऱ्या वर्षी मी काकूंना स्पष्ट सांगायचं ठरवलं, की मला आठवड्यातून एकदा झोपू द्या. काकू पायरीवर वाल सोलत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, यांचं आहे ते ऐकू येणंसुद्धा जाणार. मशीन लावूनही उपयोग नाही. बोटीच्या इंजिनांनी कान खाल्ले. त्यांना ती गाडी चालवायची नाहीये हो, त्यांना कुठे चालवता येते? तिचा आवाज एकदा परत ऐकायचाय. कान आहेत तोवर." म्हणजे तीन वर्षं मी ज्या गाडीसाठी खांदा मोडून घेतला ती चालवता येणारं माणूस त्या घरात नव्हतं! मला हसू आलं, आणि हसत हसतच मी शेडमध्ये परत जाऊन बॅटरी उचलली. त्यानंतर रविवारी नाही म्हणणं मला जमलं नाही. कुरकुर मात्र मी सोडली नाही.

पाचव्या वर्षी दसऱ्याला इंजिन जागेवर बसलं. खरं सांगतो, त्या जागेत पंगत बसली असती. पितळेच्या नळ्या देवघरातल्या समईसारख्या झळकत होत्या. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला, आणि मी पुढून हँडल मारलं. गाडीनं एक ढेकर दिली. पुन्हा मारलं, तर कार्बोरेटरमधून फाट्कन उलटा बार निघाला, हँडल उलटं फिरलं आणि माझं मनगट महिनाभर पट्टीत गेलं. मग दर रविवारी तोच कार्यक्रम. उलटा बार, शेजारच्या कोंबड्यांचा कलकलाट, आणि घरमालकांचा नवा संशय. आज कार्बोरेटर, उद्या व्हॉल्व्ह, परवा साखळी. इंजिन पुन्हा दोनदा आंब्याला टांगलं आणि दोनदा उतरवलं. उरणहून मासेमारीच्या बोटींचा एक जाणता मिस्त्री आणला. तो दिवसभर बघून म्हणाला, "काका, सगला बरोबर हाय. या वायरी तेवढ्या बदलून बघू?"

"वायरींना हात लावायचा नाही," घरमालक गरजले. "त्या आमच्या हिनं लिहिल्यात. इतक्या वर्षांत हिची एक चिठ्ठी चुकलेली नाही."

मिस्त्रीनं गाडीकडे बघत हात पुसले. "मंग तुमी आमी काय करनार? हिच्या मनातच नाय."

इकडे कान चालले होते. आधी दूधवाल्याची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझी कुरकुर. शेवटी ते मला "अहो उजेड!" म्हणून हाक मारत आणि मी शेजारी उभा राहून ओरडलो तरी पुन्हा मारत. काकूंनी ओरडणं सोडून दिलं. त्या चिठ्ठीवर 'जेवायला चला' असं सुवाच्य अक्षरात लिहीत आणि स्टिअरिंगला बांधून जात. उलटा बार झाला की पूर्वी ते दचकत. आता नुसता धूर बघून त्यांना कळे. किती उरलंय ते कुणी बोलत नव्हतं, पण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सातव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, नवव्या की दहाव्या बारानंतर घरमालक उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "दमलो." सात वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. मला चक्क भीती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी इंजिनात डोकावलो, रेडिएटरजवळची चिठ्ठी वाचली आणि पायरीवर वाल सोलणाऱ्या काकूंना म्हटलं, "काकू, तुमच्या थोरल्या जाऊबाई इथे फाटकाशी रुसून बसल्यात बघा."

काकूंनी मान वर केली. "फाटकाशी? थोरली दारात कशाला बसेल? थोरली आत बसते, चुलीशी. दारात धाकटी. वाढायला, उठायला तिलाच धावावं लागतं."

मी बॅटरी धरून तसाच उभा. यंत्राच्या जगात पहिला नंबर रेडिएटरकडून मोजतात, घरमालकांनी तसाच मोजला होता. काकूंनी पंगत मांडली होती, आणि ती स्वयंपाकघराकडून. दोन वर्षं थोरली धाकटीच्या पाटावर आणि धाकटी थोरलीच्या, मधल्या दोघींचीही अदलाबदल, आणि म्हणून प्रत्येक ठिणगी नको त्या वेळी. मी घरमालकांना ओरडून सांगितलं, त्यांना पोचलं नाही. शेवटी एक कोरी चिठ्ठी घेऊन लिहिलं, 'थोरली आत', आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, इंजिनाकडे पाहिलं, मग पायरीकडे. मला वाटलं, आता हे भडकणार.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पंगत मीच म्हणालो होतो."

"मला कुणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

चार वायरी बदलायला चार मिनिटं लागली नाहीत. मी हँडल मारलं. दुसऱ्या फेरीला गाडी खोकली, तिसऱ्या फेरीला सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. शेड भरली, पायाखालची फरशी थरथरली, कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. घरमालकांनी घाईघाईनं स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. आणखी दाबली. मग दुसऱ्या कानामागे. बराच वेळ ते तसे उभे होते. मग डोळे उघडून म्हणाले, "येत नाही. थरथर कळते. आवाज नाही."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कसा आहे? सांगा ना." मी छातीशी हात नेऊन, तोंड वासून, 'चांगला, चांगला' असं करून दाखवलं. ते वैतागले. "चांगला म्हणजे कसा? चांगला भातसुद्धा असतो." सात वर्षं त्या इंजिनात डोकं घालून मला त्याच्याबद्दल एक वाक्य बोलता येत नव्हतं. काकू उठल्या, पदराला हात पुसून त्यांनी चिठ्ठी घेतली, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाल शिजत आले की झाकण बोलतं, तसा. मधेच एक दाणा उडतो.'

त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग डोळे मिटून इंजिनावर तळवा ठेवला, आणि चेहरा हळूहळू सैल होत गेला. "उडते ती थोरली," ते म्हणाले. "जरा मागे आहे. असू दे, मोठी आहे." मग त्यांनी गाडी बंद केली, चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली आणि आत जाऊन झोपले. मीही घरी जाऊन झोपलो, थेट सोमवार सकाळपर्यंत.

त्याच वर्षी आम्ही खांदा कॉलनीत स्वतःच्या जागेत राहायला आलो. अंतर ते काय, पण घरमालकांचे निरोप येत, 'रविवारी या, ऐकून सांगा,' आणि मी 'पुढच्या रविवारी नक्की' असं उलट कळवी. नवीन घर, मुलीची दहावी, आणि खरं म्हणजे आळस. किती महिन्यांनी गेलो, ते सांगायला लाज वाटते. त्यांनी बॉनेट उघडलं, काकूंनी शेजारच्या माणसाकडून हँडल मारून घेतलं, आणि मी पहिल्यांदाच बॅटरी न धरता तिथे नुसता उभा राहिलो. आणि मला ऐकू आलं. चौघी वेगवेगळ्या ऐकू आल्या. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'थोरली आज वेळेवर आहे. तिसरी अडखळते.' त्यांनी वाचलं आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की हँडल मारणारा दचकला.

"ऐकू येतं तुम्हाला!"

एवढा आनंद झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. गाडी सुरू झाली तेव्हासुद्धा नाही. निघताना त्यांनी मला आडनावानं हाक मारली. आडनाव चुकलं होतं, पण 'उजेड' नव्हतं. हातात तो लांब स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि म्हणाले, "न्या. माझ्याकडे आता हे नुसतं लोखंड आहे." त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी फार वेळा गेलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

परवा रविवारी घरात बिरडं होतं. मी माळ्यावरून तो स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पातेल्याच्या झाकणाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. बायकोनं पाहिलं. तिनं गॅस जरा बारीक केला. वाल शिजत आले होते, झाकण बोलत होतं, आणि मधेच एक दाणा उडाला. "थोरली जरा मागे आहे," मी म्हणालो, घरमालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.